सामुदायिक रेडिओच्या नव्या संगणकाला कोणते साउंड कार्ड जुळेल?

बालाघाटी

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी आमचे छोटे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. ५० वॅटचा ट्रान्समीटर, गच्चीवर मनोरा. सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ९ असे रोज आठ तास प्रसारण चालते. बाजारभाव, हवामान, शाळेतल्या मुलांचे कार्यक्रम आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन मुद्रित करून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या. या ओव्या म्हणजे आमचा जीव की प्राण, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत भागवून घ्यावे असे वाटत नाही.

प्रसारणाचा जुना संगणक गेल्या महिन्यात बंद पडला. त्यातले पीसीआय (जुन्या प्रकारच्या खाचेत बसणारे) साउंड कार्ड बारा वर्षे विनातक्रार चालले होते. नवा संगणक उघडून पाहिला तर त्यात पीसीआयचा स्लॉटच नाही, फक्त पीसीआय एक्स्प्रेस आहे. विंडोज ११ आहे. सध्या मदरबोर्डच्या हिरव्या जॅकमधूनच मिक्सरला आवाज देतो. माउस हलवला की बारीक किर्र ऐकू येते. परवा तर ओवी चालू असताना ईमेल आल्याची घंटी थेट प्रसारणात गेली. एका आजींचा फोन आला, "बाई, मधीच टिंग काय वाजलं?" ती ओवी त्यांचीच होती. फार वाईट वाटले.

आम्हाला एक स्टिरिओ आउटपुट प्रसारणासाठी, दुसरे निवेदकाला पुढचे गाणे कानाला लावून ऐकण्यासाठी, आणि मिक्सरचा आवाज मुद्रित करायला एक स्टिरिओ इनपुट हवे. मिक्सर आणि ट्रान्समीटर दोन्हींना एक्सएलआर (तीन पिनांचे गोल) जोड आहेत. खर्चाची मर्यादा २५ हजार रुपये. दुकानदार रोज वेगळे कार्ड सुचवतो. काय पाहून घ्यावे?

पावसाळी_ढग

ताई, हल्ली गेमिंगची पीसीआय एक्स्प्रेस कार्डे मिळतात, ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झवाली. तुमच्या मर्यादेत बसतील आणि स्लॉटही वापरात येईल. आवाज एकदम स्वच्छ.

जुने_कन्सोल

बालाघाटी ताई, मी आकाशवाणीच्या तांत्रिक विभागातून निवृत्त झालो आहे. थोडे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला वर्षातून दोनतीन केंद्रे तरी विचारतात.

आधी ३८४ किलोहर्ट्झविषयी. एफएमवर श्रोत्यापर्यंत १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज पोहोचतच नाही, कारण १९ किलोहर्ट्झवर स्टिरिओचा पायलट संकेत बसलेला असतो आणि त्याला धक्का लागू नये म्हणून ट्रान्समीटरच्या आधीच वरचा भाग छाटतात. म्हणजे ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ तुम्हाला पुरून उरते. १९२ किलोहर्ट्झ एकाच कामाला खरोखर लागते. संगणकातच संपूर्ण स्टिरिओ मल्टिप्लेक्स (डावा-उजवा आवाज आणि पायलट एकत्र बांधलेला) संकेत तयार करून थेट ट्रान्समीटरच्या एमपीएक्स, म्हणजे मल्टिप्लेक्स, इनपुटला द्यायचा असेल तेव्हा. तो संकेत ५३ किलोहर्ट्झपर्यंत जातो, आरडीएस (रेडिओच्या पडद्यावर केंद्राचे नाव दाखवणारा संकेत) धरला तर ५७ च्या थोडा वर. तुम्ही ते करत नाही, तेव्हा त्या आकड्यासाठी पैसे मोजू नका.

गेमिंग कार्डाची खरी अडचण जोडांची आहे. त्यांना ३.५ मिलिमीटरचे जॅक असतात, अनबॅलन्स्ड. घरगुती उपकरणांची नाममात्र पातळी उणे १० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. व्यावसायिक उपकरणांची अधिक ४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. फरक जवळजवळ १२ डेसिबलचा. तो भरून काढायला मिक्सरचा गेन चढवला की गाण्याबरोबर संगणकाची किर्रकिर्रही चढते. तुमच्याकडे नेमके हेच होते आहे.

तेव्हा पहिली अट, आउटपुट बॅलन्स्ड हवे, एक्सएलआर किंवा पाव इंची टीआरएस (तीन संपर्कांचा जाड जॅक). बॅलन्स्ड तारेत एकच संकेत दोन तारांवरून उलटसुलट जातो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखा असतो, म्हणून पुढच्या टोकाला वजाबाकीत तो निघून जातो. ट्रान्समीटर त्याच इमारतीत असताना याला पर्याय नाही.

एक चूक मात्र करू नका. संगणकाच्या स्टिरिओ जॅकमधून तीन तारांची केबल काढून ती बॅलन्स्ड मोनो इनपुटला लावतात. जोड तंतोतंत बसतो, पण इनपुट डाव्यातून उजवा वजा करते. मध्यभागी मुद्रित केलेला गायिकेचा आवाज दोन्हींत सारखाच असतो, तो नाहीसा होतो आणि मागची वाद्ये तेवढी उरतात. एका केंद्रावर याच कारणाने दोन दिवस ट्रान्समीटर उघडून बसले होते. ट्रान्समीटर ठणठणीत होता.

दुसरी अट ड्रायव्हरची. कार्ड कितीही उत्तम असो, तुमच्या विंडोज आवृत्तीसाठी निर्मात्याच्या संकेतस्थळावर ड्रायव्हर दिसला नाही तर घेऊ नका. दुकानदाराचे "चालेल हो" धरू नका.

तिसरी अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. "चार आउटपुट" असे खोक्यावर लिहिले म्हणजे विंडोजला स्टिरिओच्या दोन वेगळ्या जोड्या दिसतीलच असे नाही. काही कार्डे चारही आउटपुट मिळून एकच उपकरण दाखवतात, आणि स्वतंत्र वापर फक्त एएसआयओ या खास ड्रायव्हरपद्धतीतून होतो. तुमचे प्लेआउट (कार्यक्रम ओळीने वाजवणारे) सॉफ्टवेअर एएसआयओ बोलत नसेल तर मागच्या दोन आउटपुटांचा उपयोग नाही. घेण्याआधी ज्याच्याकडे ते कार्ड आहे त्याच्याकडून विंडोजच्या साउंड सेटिंगचे चित्र मागवा. पूर्वश्रवण (निवेदकाने पुढचे गाणे आधी ऐकणे) वेगळे हवे असेल तर हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा.

सिंहगडरोड

कन्सोल काकांशी पूर्ण सहमत. एक भर घालतो. प्रसारणाच्या प्लेआउटला लेटन्सीची, म्हणजे आवाज निघायला लागणाऱ्या उशिराची, चिंता करू नका. दुकानात "झिरो लेटन्सी" म्हणून जे विकतात ते गायक स्वतःचा आवाज कानात ऐकत गातो त्याच्यासाठी. तुमचे गाणे दहा मिलिसेकंदांनी वाजले काय आणि शंभरांनी काय, श्रोत्याला फरक पडत नाही. उलट बफर (आवाजाचा आगाऊ साठा) मोठा ठेवा, म्हणजे अँटिव्हायरस मध्येच जागा झाला तरी आवाज तुटणार नाही.

खास प्रसारणासाठीची कार्डे आहेत. ऑडिओसायन्स, डिजिग्राम यांची नावे मोठ्या केंद्रांत ऐकाल. एकाच वेळी अनेक प्रवाह वाजवणे, बॅलन्स्ड जोड, वर्षानुवर्षे मिळणारे ड्रायव्हर, सगळे आहे, पण २५ हजारांत नवे येणार नाही. तुमच्यासाठी यूएसबी इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचे साउंड कार्ड, बरा. बेहरिंगर यूएमसी४०४एचडी किंवा फोकसराइट स्कार्लेटमधले चार आउटपुटचे मॉडेल पाहा.

यूएसबीचा आणखी एक फायदा, पुढे संगणक बदलला तरी स्लॉटचा प्रश्न येत नाही. "क्लास कम्प्लायंट" (यूएसबीच्या ठरलेल्या सामान्य पद्धतीने चालणारा) असेल तर लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, विंडोजमध्येही यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर आतच आहे. निर्माता उद्या ड्रायव्हर देणे थांबवेल तेव्हा हाच आधार. आम्ही कॉलेजच्या केंद्रावर लिनक्सवर रिव्हेंडेल हे प्लेआउट सॉफ्टवेअर चालवतो. त्यात ऑडिओसायन्सची कार्डे थेट चालतात आणि बाकीची अल्सा किंवा जॅक या लिनक्सच्या आवाजप्रणालींमार्गे. लिनक्सवर गेलात तर कार्ड क्रमांकाने नव्हे, नावाने बांधा, कारण संगणक सुरू होताना क्रमांक बदलू शकतो आणि प्रसारण भलत्याच जॅकमधून निघते.

आणि ती घंटी! कार्ड कुठलेही घ्या, विंडोजचे "डिफॉल्ट" उपकरण मदरबोर्डवरचेच ठेवा. प्रसारणाचे कार्ड फक्त प्लेआउट सॉफ्टवेअरमध्ये निवडा. म्हणजे ईमेल, अपडेट, ब्राउझर, काहीही वाजले तरी ते हवेत जाणार नाही. हे आजच करा, नव्या कार्डाची वाट पाहू नका. यूएसबीचे स्वस्तातले कार्ड कोणाकडून एक दिवस मागून आणलेत तरी पुरे.

मांडवीकाठ

गोव्यातून. आम्ही भजनांचे इंटरनेट प्रसारण करतो, ट्रान्समीटर नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. फक्त इतकेच, की २५ हजार एकाच कार्डात घालू नका. थोडे कमीतले घ्या आणि उरलेल्यात दोन आउटपुटचे साधे यूएसबी कार्ड बाजूला ठेवा, ड्रायव्हर आधीच टाकून. आमच्याकडे खाऱ्या हवेने जॅक गंजतात, तुमच्याकडे धूळ. कार्ड बिघडते तेव्हा दुकान बंदच असते.

बालाघाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. डिफॉल्ट उपकरणाचे कालच केले, शेजारच्या भजनी मंडळाकडून यूएसबी कार्ड आणून. घंटी थांबली. दोन प्रश्न. ट्रान्समीटर कार्डापासून जेमतेम चार मीटरवर आहे, यूएसबीला त्रास होईल का? आणि मिक्सरमधून येणारी एक्सएलआर केबल कार्डाच्या पुढच्या एक्सएलआरमध्येच लावायची ना?

जुने_कन्सोल

दुसऱ्याचे आधी, नाही! या कार्डांच्या पुढच्या बाजूला जो दुहेरी जोड असतो, त्यात एक्सएलआर घातले की ते माइकच्या प्रीअँपला (माइकचा बारीक आवाज वाढवणाऱ्या भागाला) जाते. मिक्सरची लाइन पातळी त्याला झेपत नाही, आवाज फाटतो. तोच जोड टीआरएस घातल्यावर लाइन इनपुट होतो. मिक्सरकडून एक्सएलआर आणि कार्डाकडे टीआरएस, अशी केबल बनवून घ्या. ४८ व्होल्ट फँटमचे (माइकला वीज देणारे) बटण बंद ठेवा.

ट्रान्समीटरचे म्हणाल तर त्रास होऊ शकतो. ट्रान्समीटर चालू केल्यावर कार्ड विंडोजमधून गायब होते आणि बंद केल्यावर परत येते, असे झाले तर कारण तेच. यूएसबी केबल जितकी आखूड तितकी बरी, पाच मीटरच्या वर मुळीच नको. दोन्ही टोकांना फेराइटचे (रेडिओ लहरी अडवणारे) कडे घाला. कार्ड संगणकाच्या मागच्या पोर्टला थेट लावा, हबमधून नको. पॉवर सेटिंगमध्ये "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" (वापर नसताना यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करा.

गुणगुण आली तर ती अर्थिंगच्या चक्रातून येते. संगणक एका सॉकेटवर, ट्रान्समीटर दुसऱ्या अर्थिंगवर, आणि दोघांना ऑडिओ केबलने जोडले की ५० हर्ट्झ घुमतो. काही जण प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. कृपा करून असे करू नका, माणूस जाईल. त्यासाठी एकास एकचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो मध्ये घाला.

बालाघाटी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. चार आउटपुटचे यूएसबी कार्ड आणले. आधी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून चित्र मागवले, जोड्या वेगळ्या दिसत होत्या, मगच पैसे दिले. राखीव कार्डही घेतले.

पहिल्या दिवशी मोठी शिट्टी झाली. मिक्सरमधून कार्डात मुद्रणासाठी गेलेला आवाज कार्डाच्या थेट मॉनिटरमधून पुन्हा आउटपुटला आणि तिथून परत मिक्सरला येत होता. कार्डावरचे मिक्सचे बटण पूर्णपणे संगणकाच्या बाजूला फिरवल्यावर थांबली. आता त्यावर चिकटपट्टी लावली आहे, कोणी फिरवू नये म्हणून. गुणगुण होतीच, ट्रान्सफॉर्मरने गेली. कार्ड एकदाही गायब झाले नाही.

पातळी कशी लावावी?

जुने_कन्सोल

प्लेआउटमधून १ किलोहर्ट्झचा टोन उणे १८ डीबी फुल स्केलवर (डिजिटल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली) वाजवा आणि मिक्सरचा गेन असा लावा की व्हीयू, म्हणजे मिक्सरचा पातळीमापक, शून्यावर येईल. त्यानंतर गेनला हात लावायचा नाही, फेडरच वापरायचे. प्रत्येक निवेदकाला हे दाखवून ठेवा.

ओव्यांची पातळी वाढवताना जपून. जात्याच्या घरघरीसकट त्या मुद्रित झाल्या आहेत. ती घरघर गोंगाट समजून कापू नका.

बालाघाटी

नाही कापत, काका. ती घरघर हवीच. टोन लावून घेतला, चारही निवेदकांना समोर बसवून दाखवले. सकाळी त्याच आजींची ओवी पुन्हा लावली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

जुने पीसीआय कार्ड चांगल्या स्थितीत आहे. आरसीए जोड आहेत. कोणाला उपयोगी पडेल का?

सिंहगडरोड

ताई, देऊन टाकू नका, तुम्हालाच उपयोगी पडेल. सामुदायिक रेडिओला प्रसारित झालेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात. कुठलाही जुना, पीसीआय स्लॉटचा संगणक शोधा, त्यावर लिनक्स टाका. कार्डाच्या मोठ्या चिपवर आयसीई १७१२ असे लिहिले असेल तर त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. साध्या एफएम ट्यूनरचा आवाज त्या कार्डात द्या, म्हणजे मनोऱ्यावरून प्रत्यक्ष जे गेले तेच मुद्रित होईल. ६४ केबीपीएस मोनो एमपी३ ला तासाला २९ एमबी लागतात. आठ तासांचे ९० दिवस धरले तरी २१ जीबीच्या आत.

चिपवर काय लिहिले आहे ते पाहून कळवा, पुढचे मी लिहून देतो.