पोरांना खरंच ऑनलाइनच हवंय का?
पोरांना आता कॉलेजचं शिक्षण घरबसल्या ऑनलाइनच हवंय असं काही जण म्हणतात, पण सरसकट नाही हो. माझ्या भाचीने २०२० ला इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन घेतलं, थिअरी ऑनलाइन आवडायची तिला, कारण रेकॉर्डिंग दीडपट स्पीडने बघायचं आणि कल्याणची सकाळची लोकल टळायची, पण वर्कशॉपचं काय? लेथ मशीन मोबाइलवर बघितलं म्हणे, हात लावायला मिळाला तो थेट दुसऱ्या वर्षी. गावाकडचा पुतण्या तर रेंजसाठी गच्चीत छत्री घेऊन बसायचा. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत शिकवणं ऑनलाइन, बाकी वर्गात असा मसुदा मांडलेला, मला तो बरा वाटला होता. फक्त त्यातले ४० टक्के कुठले ते पोरांना विचारा की. आणि सकाळी ९ ला वर्गात, ११ ला ऑनलाइन, मग ती ऑनलाइनवाली पोरं कँटीनमध्ये इअरफोन घालून बसलेली, ह्याला हायब्रीड म्हणतात होय!