एकटी जाऊ नकोस, म्हणजे शाळेत जाऊ नकोस?

रानवाट (धागाकर्ती): गावातली शाळा संपली की पुढची शाळा किती लांब, एवढंच आपण विचारतो. मुलीच्या घरी मात्र विचारतात, सोबत कोण जाणार? भावाला वेळ असेल, बापाला कामातून सवड मिळेल, तेव्हा तिची शाळा. अशी मुलगी पटावर असते, पण जादा तासाला थांबत नाही. विज्ञान शाखा लांब, म्हणून जवळ मिळेल ती घेते. माझ्या मते या बंधनाची झळ गरिबीपेक्षा कमी नाही.

खोडरबर: बंधन कसलं, वाहन नाही हो! बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, तीही मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत. बापांना उपदेश करायला कोणी गेलं नव्हतं.

उंबरठा: दोन मुलींचा बाप आहे, म्हणून लिहितो. रस्त्यावर काही घडलं तर ३२ टक्के घेऊन काय करू? शाळाच गावात आणा. अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतात गावातच शाळा काढल्या, तर पटावरचा मुलामुलींमधला फरक जवळजवळ मिटला होता. (आता तिथे सहावीनंतर सरकारनेच मुलींना बंदी केलीय, तो विषय वेगळा.)

रानवाट: प्राथमिक शाळेपुरतं मान्य. पण भौतिकशास्त्राचा शिक्षक आणि प्रयोगशाळा प्रत्येक वाडीवर कुठून आणणार? कधीतरी गावाची वेस ओलांडावीच लागते. आणि खोडरबर, सायकल दारात आली तरी ती चालवायला परवानगी लागतेच. बिहारमध्ये सगळ्याजणी एकदम निघाल्या. एकटी निघाली असती तर तिच्याकडे बोट दाखवलं असतं; घोळका निघाल्यावर कोणाकोणाला नावं ठेवणार?

खोडरबर: म्हणजे शेवटी सायकलनेच काम केलं ना! परवानगी मागून आली.

उंबरठा: घोळक्याचं पटतं. पण माझी भीती खोटी नाही.

रानवाट: खोटी कोण म्हणतंय? पण वाटेत कोणी त्रास दिला तर मुली घरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की पहिली शाळा बंद होते. त्रास देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तुमच्या मुलींना तुम्ही कधी म्हणालात का, की काहीही झालं तरी शाळा सुटणार नाही?

उंबरठा: नाही. असं कधी म्हटलं नाही.