अमेरिकेला जाताना इथला ड्रायर, स्ट्रेटनर न्यावा का?

अबोली
पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला न्यू जर्सीला चाललोय, येताना लंडनला तीन दिवस. माझे केस म्हणजे नारळाची शेंडी, त्यामुळे ड्रायर आणि स्ट्रेटनर दोन्ही हवेत. दुकानदार म्हणतो, अ‍ॅडॉप्टर घ्या, सगळीकडे चालतं. नवरा म्हणतो, दोन्ही घरी ठेव. (त्याला टक्कल आहे, त्याचं मत धरत नाही.)

निशिगंधा
अगं, अ‍ॅडॉप्टरने पिन नुसती सॉकेटात बसते, व्होल्टेज तेच राहतं. आपल्याकडे २३०, तिकडे १२०. मुठीवर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाच. १००-२४० असेल तर बिनधास्त ने.

अबोली
भिंग घेऊन वाचलं. स्ट्रेटनर १००-२४०. ड्रायर मात्र २२०-२४०, १२०० वॅट. जळेल का तिकडे?

जुना वायरमन
जळणार नाही ताई, धड तापणारच नाही. व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता चौथ्या हिश्शावर येते. तुमच्या १२०० चे जेमतेम सव्वातीनशे वॅट उरतील, त्यात रुमालही वाळायचा नाही.

जळतं ते उलट्या बाजूने. मावसबहिणीने तिकडून आणलेला १२० व्होल्टचा ड्रायर मी, वायरमन असून, न वाचता पुण्यात लावला. क्षणभर विमान उडाल्यासारखा आवाज, मग जाळीतून धूर. दोन दिवस घरभर जळका वास आणि बायकोची बोलणी.

ट्रान्सफॉर्मर न्यायचं डोक्यातही आणू नका. १२०० वॅट पेलणारा म्हणजे पाटा-वरवंटा घेऊन फिरण्यासारखं आहे.

निशिगंधा
माझ्या ट्रॅव्हल ड्रायरला १२५/२५० चा खाचेचा स्विच आहे, नाण्याने फिरवायचा. अमेरिकेतून निघालीस की आठवणीने २५० वर आण, नाहीतर वायरमनदादांसारखी गत.

लंडनला चौकोनी तीन पिनांचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागेल. तिथे हॉटेलच्या बाथरूममध्ये फार तर दाढीच्या मशिनचं सॉकेट असतं, त्यात ड्रायर लावायचा नाही. केस खोलीतल्या आरशासमोर वाळवायचे.

अबोली
ठरलं, ड्रायर भाचीचाच वापरते. लग्नाच्या सकाळी चौघीजणी असू, प्रत्येकीचा ड्रायर वेगळा.

जुना वायरमन
मग नंबर लावा. तिकडचे मोठे ड्रायर १८७५ वॅटचे असतात, म्हणजे एकटाच पंधरा अँपिअरच्या वर ओढतो. एका लाइनवर दोन लावलेत की ब्रेकर पडलाच. बाथरूमच्या सॉकेटवर दोन बारकी बटणं असतात. वीज गेली तर आधी त्यातलं रीसेट दाबून बघा. आणि आपल्यासारखं सॉकेटला चालू-बंद बटण सहसा नसतं, त्यामुळे काम झालं की स्ट्रेटनरची पिन काढायची.

बऱ्याच घरांत ब्रेकरची पेटी तळघरात असते. तुमच्या मिस्टरांना ती आदल्या दिवशीच दाखवून ठेवा, त्या सकाळी मोकळे तेच असणार.