मिठाने दाट झालेलं द्रावण सुगंध घातल्यावर पातळ का होतं? सल्ला हवा

फेसाळ: जाणकारांनी मार्गदर्शन करावे. शांपूसारखं द्रावण आहे, त्यात फेस आणणारी दोन द्रव्यं: सोडियम लॉरेथ सल्फेट सुमारे १०% आणि कोकामिडोप्रोपिल बीटेन २%. मिठाने मस्त दाट होतं. पण अर्धा टक्का सुगंधी द्रव्य पडलं की पार पातळ. वरून आणखी मीठ घातलं तर अजून पातळ, आणि शेवटी गढूळ. दाटपणासाठी कुठला पॉलिमर (लांब साखळीचा रेणू) घालू?

मायसेलमामा: पॉलिमर राहू द्या, आधी मिठाचा आलेख काढा, म्हणजे मीठ वाढेल तसा दाटपणा कसा चढतो-उतरतो ते, आणि तो सुगंध घातलेल्या द्रावणावर. बिनसुगंधी द्रावणाचा आलेख इथे काही कामाचा नाही.

कारण सांगतो. लॉरेथ सल्फेटच्या रेणूला पाण्याकडे राहणारं डोकं आणि पाणी टाळणारी शेपटी असते; शेपट्या आत, डोकी बाहेर असा त्यांचा पुंजका म्हणजे मायसेल. डोकी ऋणभारित, एकमेकांना ढकलतात, म्हणून मायसेल गोल राहतात. मिठातला सोडियम ते ढकलणं कमी करतो, डोकी जवळ येतात आणि गोलाऐवजी लांबट आकार परवडायला लागतो. पॅकिंग पॅरामीटर (डोक्याच्या मानाने शेपटी किती जाड, याचं माप) १/३ च्या वर गेला की दंडगोल. लांब, लवचिक मायसेल शेवयांसारखे एकमेकांत गुंततात, तेव्हा दाटपणा येतो. पण मीठ वाढतच राहिलं तर त्यांना फांद्या फुटतात. फांदीचा सांधा मायसेलवरून सरकू शकतो, म्हणजे ताण सुटायला नवी वाट मिळते आणि व्हिस्कॉसिटी (दाटपणा) उतरते. मीठ वाढवल्यावर तुमचं द्रावण अजून पातळ झालं ना? मग तुम्ही बहुधा आलेखाच्या शिखराच्या, म्हणजे सर्वात दाट बिंदूच्या, पलीकडच्या उतारावर आहात.

फेसाळ: पण सुगंधाआधी तेवढ्याच मिठाला दाट होतं की!

मायसेलमामा: तेच तर. सुगंधाने शिखरच सरकवलं असणार. त्यातले रेणू कुठे जाऊन बसतात ते बघा. लिनालूलसारखं अल्कोहोल डोक्यांच्या जवळ, शेपट्यांच्या मधे शिरतं. तिथे ते मायसेल वाढायला मदतच करतं, म्हणून शिखर कमी मिठाला येतं. लिमोनीनसारखं निव्वळ हायड्रोकार्बन मात्र मायसेलच्या गाभ्यात जाऊ पाहतं. गाभा फुगला की मायसेल पुन्हा गोल व्हायला लागतात. तिथे मीठ कमी-जास्त करून पूर्वीचा दाटपणा मिळेलच असं नाही. विकतच्या सुगंधात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, त्यामुळे नावावरून काही कळत नाही.

द्रवशास्त्री: +१. सुगंध कशात विरघळवलाय तेही विचारा. इथेनॉल किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल असेल तर ते मायसेल आखूड करतं. अल्कोहोलची गंमत अशी की साखळी आखूड असेल तर पातळ, आणि हेक्झॅनॉलच्या पुढे गेलात की बहुतेकदा दाट.

आणि पीएच बघा. थोडं आम्ल घातलं की बीटेनचा कार्बॉक्सिलेट गट प्रोटॉन घेतो, रेणू धनभारित व्हायला लागतो आणि सल्फेटशी जोडी घट्ट जमते. फार खाली मात्र नेऊ नका, आम्लात लॉरेथ सल्फेटचं जलअपघटन होतं.

फेसाळ: मग आलेख कसा काढू? माझ्याकडे फिरत्या स्पिंडलचा व्हिस्कोमीटर आहे.

मायसेलमामा: पुरेसा आहे. मीठ न घालता, सुगंधासकट एकच मोठं द्रावण करा, भाग पाडा आणि प्रत्येकात मीठ ०.२-०.३ टक्क्याने वाढवत जा. मीठ पाण्यात विरघळवून घाला, पण मग पाण्याचा हिशेब सगळ्या भागांत सारखा ठेवा. बुडबुडे बसू द्या. सगळी मापं एकाच तापमानाला, २५ अंश धरा. तापमान वाढलं की मायसेल आखूड होतात आणि व्हिस्कॉसिटी झपकन पडते, म्हणजे कोमट नमुना हमखास फसवतो. स्पिंडल आणि वेगही बदलू नका, कारण ही द्रावणं जोरात ढवळली की पातळ होतात. शिखर नुसतं उंच नको, रुंदही हवं. अरुंद शिखरावर मिठाचा जरासा फरक दरवेळी वेगळा माल देईल. तसं झालं तर बीटेन वाढवून परत आलेख काढा.

द्रवशास्त्री: उच्च प्रतीचा ऱ्हिओमीटर (द्रवाचा प्रवाह आणि लवचिकपणा मोजणारं यंत्र) कुणाकडे मिळाला तर दोलनचाचणीही, म्हणजे द्रावण पुढे-मागे हलवून मोजणं, करून घ्या. गुंतलेले मायसेल सतत तुटतात आणि जुळतात. तुटण्याचा वेळ फार कमी असेल तर एकच शिथिलन काळ (ताण सुटायला लागणारा वेळ) दिसतो आणि कोल-कोल आलेखात, म्हणजे लवचिक आणि प्रवाही प्रतिसाद एकमेकांसमोर मांडलेल्या आलेखात, चक्क अर्धवर्तुळ येतं. पॉलिमरच्या द्रावणात असं सहसा दिसत नाही. बघायला भारी वाटतं, पण तुमच्या कामाला स्पिंडल पुरेल.

फेसाळ: सुगंधात प्रोपिलीन ग्लायकॉल निघालं! पुरवठादाराकडे बिनद्रावक नमुना मागितलाय. तोवर मिठाचे भाग पाडायला घेतो.