अंदमानला जाताना आधीपासून काय काय बुक करायचं?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं, आई-बाबा धरून, अंदमानला निघालोय. विमानाची तिकिटं झाली. पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), मग हॅवलॉक आणि नील ही बेटं असं ७ दिवसांचं डोक्यात आहे. सगळी हॉटेलं आत्ताच बुक करू का थोडं मोकळं ठेवू? बाबांना सेल्युलर जेल नीट बघायचंय.

▸ ख्रिसमसचा आठवडा म्हणजे मोकळं बिकळं काही ठेवू नका! आधी फेरी (बेटांवर जाणारी बोट) बघा, मग हॉटेल. लोक उलटं करतात आणि मग हॅवलॉकला खोली आहे पण त्या दिवशीची बोट फुल, असं होतं, आमचं झालंय, एक रात्र वाया गेली. बुकिंगला हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप असंही दिसेल, २०१८ला बदललंय, गोंधळू नका.

▸ वरच्यांशी सहमत, पण परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, मग काही करता येत नाही. जेलचा लाइट अँड साउंड शो पण आधीच बुक करा.

▸ स्कूटर, स्नॉर्कलिंग तिथे जाऊन ठरवा. नीलचा नैसर्गिक पूल (खडकाची कमान) ओहोटीलाच नीट बघता येतो, वेळ हॉटेलवाल्याला विचारा. आणि डिसेंबरात पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो, हॅवलॉकच्या राधानगर बीचला दुपारीच पोचा. कॅश ठेवा जवळ.

▸ खूप आभार, आज रात्रीच फेरी बघतो!