हाड जुळलं तरी खुब्याचा गोळा खचू शकतो

खुब्याचं हाड मोडल्यावर एक्स-रेत ते जुळलेलं दिसलं की विषय संपला, असं म्हटलं जातं. जुळण्यापुरतं ते खरं. पण मांडीचं हाड मानेशी, म्हणजे त्याच्या वरच्या टोकाला खुब्यात बसणाऱ्या गोळ्याच्या लगेच खाली, मोडलं असेल तर त्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटलेला असू शकतो, मग जुळलेल्या हाडाचा गोळा वर्ष-दोन वर्षांत, कधी त्याहून उशिरा, आतून मरून खचतो. डॉक्टर याला एव्हीएन (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, म्हणजे रक्ताविना हाड मरणं) म्हणतात.

आमच्या काकांचं तेच झालं. परभणीकडं शेतात पडले, स्क्रू टाकले, काठी सुटली, तूर काढायलाही गेले. नंतर दुखायला लागलं ते गुडघ्यात! खुब्याचं दुखणं असं खाली उतरतं, हे कुणाला ठाऊक? गुडघ्यालाच तेल चोळणं चाललं. मांडी घालता येईना तेव्हा कुठं लातूरला दाखवलं. एव्हीएनच्या सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो; एमआरआयमध्ये लवकर कळतं. फक्त आत स्क्रू आहेत, हे तिथं आधी सांगा.