चवळीवर मावा आणि वांग्याचे शेंडे सुकतायत, रासायनिक औषध नकोय

कुंडीतली_वांगी
नमस्कार मंडळी, पुण्यात गच्चीवर ग्रो बॅगमध्ये चवळी, वांगी, मिरची लावलीय. चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर न् शेंगांवर काळा मावा नुसता थापलाय, मुंग्यांची रांग वरखाली चालूच. आणि वांग्याचं झाड एरवी टवटवीत पण मधलाच एखादा शेंडा मान टाकतो, पाणी घातलं तरी उठत नाही. नीम ऑइल मारून बघितलं, मावा थोडा कमी झाला पण वांग्याला ढिम्म फरक नाही. घरात लहान मूल आहे, शेंगा तोडून तशाच खातं, त्यामुळे जहाल औषध अजिबात नको. काय करू?

मातीत_हात
वांग्याला फरक पडणारच नाही ताई, ती शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आहे, ती आत बसलीय आणि तुम्ही बाहेरून फवारताय. सुकलेला शेंडा उभा चिरून बघा, आत गुलाबीसर अळी आणि तिची विष्ठा दिसेल. असे शेंडे दिसले की लगेच, पोखरलेल्या भागाच्या जरा खालून कापायचे आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचे, कंपोस्टमध्ये बिलकुल टाकू नका. भोक पडलेली वांगीपण तशीच काढायची. कुंडीतला पालापाचोळा उचला, कोष तिथेच करते ती. कृषी सेवा केंद्रात कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढून अडकवणारा) मिळतो, पण वांग्याच्या अळीची ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, वेगळी असते, फळमाशीची आणली तर काही उपयोग नाही.

परसबाग_कोल्हापूर
आमच्याकडे माव्यावर सरळ चुलीतली राख भुरभुरतात, सकाळी दव असताना. नाहीतर भांडी घासायच्या साबणाचं पाणी मारा, काम तमाम!

मातीत_हात
राख ठीक आहे हो, पण भांड्यांचा साबण जरा जपून, कडक असेल तर कोवळी पानं करपतात. रिठ्याचं पाणी बरं, तेही आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघायचं. आणि आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारा, निम्मा मावा त्यानेच खाली पडतो.

हिरवा_कोपरा
मुंग्यांकडे कोणीच बघत नाहीये! मावा जो गोड चिकटा सोडतो तो खायला त्या येतात आणि बदल्यात माव्याला खाणारे किडे हाकलून लावतात, म्हणजे मुंग्या थांबवल्याशिवाय मावा हटत नाही. बॅग स्टँडवर ठेवा आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत (पाणी बदलत राहा, नाहीतर डास होतील), वेल भिंतीला टेकू देऊ नका. फवारायच्या आधी पानं उलटी करून नीट बघा, काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी दिसली तर ती ढालकिड्याची (लेडीबगची), मावा खाते, लोक नेमकी तीच चिरडतात. फुगून तपकिरी झालेला मावाही तसाच सोडा, त्याच्या आत गांधीलमाशीच्या जातीचा बारका मित्रकीटक वाढत असतो.
आणि शेणखत, जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत) सारखं ओतताय का? नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की लुसलुशीत फूट येते आणि मावा तुटून पडतो.

कुंडीतली_वांगी
अय्यो हो, जीवामृत दर आठवड्याला चालू आहे 🙈 आता थांबवते. नीम ऑइलऐवजी निंबोळी अर्क घरी करता येईल का? दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) म्हणे जास्त भारी असतो?

मातीत_हात
दशपर्णी महिनाभर कुजवावा लागतो, त्या वासाने सोसायटीचे सेक्रेटरी वर येतील 😄 5 टक्के निंबोळी अर्क सोपा. 50 ग्रॅम निंबोळी पावडर फडक्यात बांधून सकाळी पाण्यात भिजत घाला, संध्याकाळी पिळून गाळा, एकूण पाणी 1 लिटर करा, किंचित रिठ्याचं पाणी घाला आणि पानांच्या खालच्या बाजूने फवारा. ऊन उतरल्यावरच मारायचं, उन्हात त्यातला कडू अंश लवकर उडतो आणि सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. आठवड्याने परत. आणि मूल शेंगा तोडून खातं ना, मग धुऊनच द्या.

हिरवा_कोपरा
वांग्याला बारीक जाळीही लावता येते, पतंग रात्री येऊन अंडी घालतो तो आत शिरत नाही. वांग्याला मधमाशी नसली तरी फळ धरतं, फक्त अधूनमधून फुलं आलेल्या फांद्या हलवायच्या. पण आधी आतले सगळे सुकलेले शेंडे काढा न् मगच जाळी लावा, नाहीतर अळी आतच कोंडाल.